लघवीचं इन्फेक्शन आणि क्लिनिकल ट्रायल: नॉमिनीच्या रकान्यापासून पुढे

‘ट्रायलमध्ये गेलात म्हणजे तुमच्यावर प्रयोग केले का हो?’ असं मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. विचारणाऱ्याच्या आवाजात निम्मी काळजी असते, निम्मी उत्सुकता. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून काढतो. उद्या कुणाच्या घरी हा प्रसंग आला, तर रात्री अकरा वाजता वॉर्डात बसून हातातल्या जाडजूड कागदांचं करायचं काय, एवढं तरी त्याला ठाऊक असेल.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. राहायला राजगुरुनगरला. हे घडलं तेव्हा वय एकसष्ट, मधुमेह जुना, प्रोस्टेटची गोळी चालू. २०२३चा दसरा २४ ऑक्टोबरला झाला आणि दोन दिवसांनी मला हुडहुडी भरून ताप आला. लघवीला जळजळ होतीच, उजव्या कुशीतही ठणका लागला. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या सुरू केल्या, पण त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे कोणता जिवाणू वाढतो ते पाहायला, लघवीचा नमुना घेतला. त्यांचे हे उपकार मला पुढे समजले. बहुतेक ठिकाणी आधी गोळी देतात, आठवडाभर गुण आला नाही की मग कल्चर सांगतात.

रिपोर्ट यायला दोन दिवस गेले. ई-कोलाय नावाचा जिवाणू निघाला. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा हाच असतो. रिपोर्टात औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे जिवाणू त्याला दाद देत नाही. माझ्या यादीत सिप्रोसकट नेहमीच्या औषधांपुढे आर, आर, आर. उरली ती बहुतेक सलाईनमधून द्यायची. डॉक्टर म्हणाले, ‘ताप आहे, कुशीत दुखतंय, म्हणजे किडनीपर्यंत गेलंय. आता गोळीवर थांबू नका, पुणं गाठा.’

३० ऑक्टोबरला आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पोचलो. रुग्णालयाचं आणि ट्रायल करणाऱ्या औषध कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे तासभर अडकलो, त्या वेळी ताप १०२ होता. सोनोग्राफीत दिसलं, की लघवी करून आल्यावरही मूत्राशयात दीडशे मिलीच्या वर शिल्लक राहते. प्रोस्टेटमुळे वाट अडलेली, लघवी साचलेली, त्यात साखर. अशा इन्फेक्शनला डॉक्टर ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हणतात. घाबरवण्यासाठी म्हणत नाहीत, तो एक वर्ग आहे. उपचार वेगळे, मुक्काम लांब. खर्चाचा अंदाज सांगितला साधारण ऐंशी हजार.

त्यानंतर युरॉलॉजिस्ट स्वतः खुर्ची ओढून बसले. एरवी ते उभ्याउभ्याच बोलतात, त्यामुळे मी सावध झालो. म्हणाले, ‘तुमच्यासारख्या पेशंटसाठी एका नव्या अँटिबायोटिकची ट्रायल इथे चालू आहे. तिसरा टप्पा, म्हणजे मान्यतेआधी बऱ्याच पेशंटवर तपासून पाहणं. निम्म्या लोकांना नवं औषध, निम्म्यांना मेरोपेनेम हे नेहमीचं अँटिबायोटिक. कुणाला काय, हे कंप्यूटर ठरवतो. मलाही कळणार नाही, तुम्हालाही नाही. नको असेल तर काही हरकत नाही, मी तुम्हाला मेरोपेनेम नेहमीच्या पद्धतीने सुरू करतो.’

सौ.ने पहिलाच प्रश्न विचारला तो बरोबर होता. ‘म्हणजे नुसतं पाणी देणार नाही ना ह्यांना?’ नाही. दोन्ही बाजूंना खरं औषध असतं. इतक्या तापात माणसाला खोटं औषध देता येत नाही. आपल्या ट्रायलमध्येही असंच आहे, हे कागदावर दाखवून घ्या, तोंडी ऐकून सोडू नका.

ट्रायलमधल्या तपासण्या, औषध, पलंग हे सगळं कंपनी भरणार होती. खर्च वाचतो हा विचार मनात आला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आला, आणि पहिल्या पाच मिनिटांत आला. म्हणूनच मी सही करायच्या आधी कागद पुरता वाचायचं ठरवलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा अर्ज बारकाईने वाचावा, हे नोकरीत शिकलोय.

अडचण अशी, की इन्फेक्शनच्या ट्रायलमध्ये विचार करायला चार दिवस मिळत नाहीत. ताप वाढतोय, औषध सुरू व्हायलाच हवं. आम्हाला काही तासच होते. संमतीपत्र मराठीत होतं, पण वीसेक पानांचं. मी ब्लँकेट घेऊन पडलेलो, सौ. वाचतेय, मुलगी फोनवर. म्हणून सांगतो, अशा वेळी सोबत डोकं शांत असलेला, वाचता येणारा एक माणूस हवाच. पेशंटने एकट्याने ते वाचणं शक्य नसतं.

मुलीने मध्यंतरी एक काम केलं. आपल्याकडच्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये म्हणजे सीटीआरआयमध्ये करावी लागते. ही नोंदवही २००७मध्ये सुरू झाली आणि २००९पासून नोंद सक्तीची आहे. संमतीपत्रावरचा क्रमांक टाकला की कुणालाही फुकट पाहता येतं: ट्रायल कशाची, कोणकोणत्या शहरांत, प्रमुख डॉक्टर कोण, सहभागींचं हित पाहणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे की नाही, कुणाला घेतात, कुणाला घेत नाहीत. आमच्या रुग्णालयाचं आणि डॉक्टरांचं नाव तिथे निघालं. ती फोनवर म्हणाली, ‘बाबा, सगळं जुळतंय.’ मला तेवढं पुरे होतं.

संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर नाव, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि मग नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं असे रकाने आहेत. नॉमिनी कशासाठी, तर ट्रायलमुळे मृत्यू आला तर भरपाई कुणाला द्यायची त्यासाठी. सौ.चा आवाज तिथे थांबला. ‘अहो, हे काय लिहिलंय?’ मी म्हटलं, ‘अगं, पीएफच्या फॉर्मवरही तुझंच नाव होतं की.’ पण तो रकाना तिने भरला नाही, मलाच पेन घ्यावं लागलं.

भरपाईचा हिशेब २०१९च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत आहे. मृत्यूसाठी आठ लाखांना वयाच्या आकड्याने आणि जोखमीच्या आकड्याने गुणायचं आणि ९९.३७ने भागायचं. वय ६५ किंवा जास्त असेल तर वयाचा आकडाच ९९.३७, म्हणजे भागाकार एक येतो. वय कमी तसा आकडा मोठा. जोखमीचा आकडा अर्ध्यापासून चारपर्यंत, माणूस मुळात जितका ठणठणीत तितका जास्त. मी पाकिटाच्या मागे आकडेमोड करायला घेतली, तेव्हा सौ.ने पेन काढून घेतलं. त्याहून उपयोगाचा नियम असा, की ट्रायलदरम्यान काही इजा झाली तर उपचार फुकट मिळतात, गरज असेपर्यंत किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत. हे वाक्य आपल्या कागदात आहे का, ते शोधा. आणि एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर कुठल्या पानावर आहे, तिथे खूण करून ठेवा. त्या कमिटीत निम्मे तरी सदस्य रुग्णालयाबाहेरचे असावे लागतात, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो.

प्रत्येक पानावर सही, तारीख, आणि शेवटी वेळसुद्धा. भरलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी लागली नाही, त्यांनीच दिली. द्यावीच लागते. कॅमेरा लावून डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं आणि मला उलट प्रश्न विचारले. कायद्याने हे चित्रीकरण नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्णपणे नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल घटकांतल्या सहभागींसाठी बंधनकारक आहे, पण तिथे सरसकट सगळ्यांचं करतात.

सही केली म्हणजे आत गेलो असं नाही. मग स्क्रीनिंग. रक्त, ईसीजी, किडनीचं काम किती चालतं त्याचा हिशेब, प्रोस्टेटलाच इन्फेक्शन नाही ना याची बोटाने तपासणी (लिहायला लाजत नाही, कारण करून घ्यायला पुष्कळ लोक लाजतात), आणि ताजी लघवी. ट्रायलचं सगळं कामकाज सांभाळणारी कोऑर्डिनेटर म्हणून एक तरुण मुलगी होती. वही घेऊन बसली. ‘काका, याआधी कोणती अँटिबायोटिक घेतली? कधीपासून? किती?’ लागू पडणारं औषध आधीच चोवीस तासांहून जास्त पोटात गेलं असेल तर घेत नाहीत, कारण मग बरं कशाने झालं ते कळणार नाही. माझं सिप्रो तीन दिवस झालेलं. पण गावच्या रिपोर्टात सिप्रोपुढे आर होता आणि ताप उतरलेला नव्हता, म्हणजे ते औषध लागू पडलेलंच नाही, हे कागदाने सिद्ध झालं. मेडिकलचं बिल, गोळ्यांची अर्धी पट्टी आणि तो रिपोर्ट, हे तिन्ही सौ.च्या पर्समध्ये होते म्हणून. पट्ट्या फेकू नका.

त्याच यादीत एक प्रश्न होता: ट्रायलच्या काळात मूल होऊ नये याची काळजी घ्याल ना? कोऑर्डिनेटरने मान खाली घालून वाचला. सौ. खिडकीबाहेर बघायला लागली. मी ‘घेईन’ म्हटलं, कोऑर्डिनेटरने वहीत खूण केली, सगळे हसलो. त्या दिवसातलं ते एकच हसू.

लघवीचा नमुना देण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळा खेळ त्यावर असतो. आधी जागा धुवायची. पहिली धार सोडून द्यायची, मधली निर्जंतुक डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडायची. झाकणाला आतून बोट लावायचं नाही. डबी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये. प्रोस्टेटवाल्याची धार अशी, की पहिली, मधली आणि शेवटची हा भेद करायला माणूस धाडसी हवा. पण नमुना चुकीचा गेला तर कातडीवरचे जिवाणू वाढतात आणि रिपोर्ट वाया जातो. सिस्टरला सांगून वेळ मागून घ्या. मागे रांग असली तरी.

रात्री उशिरा पहिली सलाईन लागली. बाटलीवर पिशवीसारखं अपारदर्शक आवरण. आत काय आहे ते फक्त औषध तयार करणाऱ्या फार्मासिस्टला माहीत, आणि तो वॉर्डात फिरकत नसे. सौ.ने एकदा आवरणाचं टोक उचलून पाहायचा प्रयत्न केला, तेव्हा सिस्टरने असं खडसावलं की विचारू नका. दर आठ तासांनी डोस, म्हणजे एक पहाटे येणारच. मधूनमधून ठरल्या वेळी रक्त काढायचे, औषध शरीरात किती वेळ टिकतं ते पाहायला. ठरल्या वेळी म्हणजे अगदी मिनिट लिहून.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. कुशीतला ठणकाही कमी झाला. त्याच सुमारास माझ्या नमुन्यातून मिलीला एक लाखाहून जास्त जिवाणू निघाल्याचं कळलं. याला महत्त्व आहे. काहीच वाढलं नसतं तरी माझे उपचार पुरे झाले असते, पण औषधाच्या गुणाच्या मुख्य हिशेबात मला धरलं नसतं. उपचार आधी सुरू करावे लागतात, कल्चर नंतर येतं, त्यामुळे काही पेशंट असे गळतातच.

त्रास काय झाला? दोन दिवस जुलाब, एका हाताची शीर सुजली म्हणून सुई दुसऱ्या हाताला. दोन्ही गोष्टी ‘अॅडव्हर्स इव्हेंट’ म्हणून नोंदल्या गेल्या: कधी सुरू, कधी बंद, किती तीव्र, काय केलं. डोकं दुखलं तेही लिहिलं. मला वाटलं उगाच तक्रारखोर ठरतोय, पण कोऑर्डिनेटर म्हणाली, ‘काका, तुम्ही लपवलंत तर आमचं काम बिघडतं.’ काहीही गंभीर घडलं तर चोवीस तासांच्या आत सरकारला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवावं लागतं.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची फाइल. कंपनीकडून एक माणूस येऊन मूळ नोंदी पडताळतो. चूक झाली तर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा आकडा, सही, तारीख. मी चौतीस वर्षं फेरफाराच्या नोंदवह्यांमधली खाडाखोड पाहिलीय. ती पानं बघून जीव थंड झाला.

६ नोव्हेंबरला औषध संपलं, घरी सोडलं. पाकिटात ठेवायचं एक कार्ड मिळालं, त्यावर माझा क्रमांक आणि चोवीस तासांचा फोन. पुढची मुख्य भेट औषध संपल्यावर आठवड्याभराने, आणि ती नेमकी आली १५ तारखेला, भाऊबीजेच्या दिवशी. बहीण ओवाळायला येणार म्हटल्यावर मी कोऑर्डिनेटरला फोन केला. अशा भेटींना एकदोन दिवस मागेपुढे करायची मुभा असते, ती आधी विचारून घ्यावी. १६ला गेलो. दोन तास बसलो. मी ठणठणीत होतो, फराळ पचत होता, जळजळ नाही, ताप नाही.

चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन. लघवीत तोच जिवाणू पुन्हा वाढलाय, संख्या ठरलेल्या मर्यादेच्या वर. मी म्हटलं, ‘मग औषध?’ ‘नाही. त्रास नाही ना तुम्हाला? मग नुसत्या रिपोर्टला औषध द्यायचं नसतं. मधुमेहात, लघवी साचते त्यांच्यात, असे जिवाणू राहतात. विनाकारण मारायला गेलात तर आणखी चिवट होतील.’ ‘म्हणजे मी बरा झालो की नाही?’ ‘तुम्ही बरे. ट्रायलच्या कागदावर मात्र तुमचा निकाल अपयश.’

मला हे झोंबलं, खरं सांगतो. पण नंतर उमगलं, की माझा प्रश्न होता ताप कधी जाणार, आणि त्यांचा प्रश्न वेगळा होता. या ट्रायलमध्ये यश म्हणजे दोन गोष्टी एकदम: त्रास गेला पाहिजे आणि लाखाच्या वर असलेले जिवाणू मिलीला हजाराच्या खाली आले पाहिजेत. एक जमली, दुसरी नाही, की संपलं. तेव्हापासून पेपरात नव्या औषधाचे टक्के आले की मी आधी मोजमाप काय होतं ते शोधतो. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोध लागलेलं एन्मेटाझोबॅक्टम आणि एक जुनं अँटिबायोटिक यांची जोडी, जिला अशाच कॉम्प्लिकेटेड इन्फेक्शनसाठी २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तिच्या १,०४१ जणांच्या ट्रायलमध्ये नव्या औषधाचं यश ७९.१ टक्के आणि जुन्याचं ५८.९. जेपोटिडासिन ही बायकांमधल्या साध्या इन्फेक्शनची गोळी, २०२५च्या मार्चमध्ये तिकडे मंजूर झाली. तिच्या एका ट्रायलमध्ये यश ५०.६ टक्के आणि जुन्या नायट्रोफ्युरँटॉइनचं ४७. आकडे वाचून मुलगी म्हणाली, ‘बाबा, म्हणजे निम्म्या बायका बऱ्या झाल्याच नाहीत?’ तसं नव्हे. उरलेल्यांत माझ्यासारखे, फराळ खाऊन नमुना द्यायला आलेले बरेच असणार.

नोव्हेंबरअखेर शेवटची भेट झाली, मग एक फोन, की माझा भाग संपला. प्रवासखर्च दर फेरीला पाचशे रुपये ठरला होता, व्हाउचरवर सह्या झाल्या होत्या, कॅन्सल चेक दिला होता. पैसे काही येईनात. दोनदा फोन केला, ‘अकाउंट्सकडे गेलंय’. फेब्रुवारीत एथिक्स कमिटीच्या सचिवांना चार ओळींचा अर्ज दिला, व्हाउचरच्या प्रती जोडल्या. आठवड्यात जमा झाले. कोऑर्डिनेटरचा यात दोष नव्हता, तिला मी आधी सांगून ठेवलं होतं. सौ.चं कँटीनचं जेवण, माझ्या मधुमेहाच्या गोळ्या आणि सही करण्यापूर्वीची सोनोग्राफी हे आमच्या खिशातून गेलं. हे विचारून घ्या, सगळंच फुकट नसतं.

मूळ दुखणं प्रोस्टेटचं होतं, ते ट्रायलने जाणार नव्हतंच. जानेवारीत दुर्बिणीचं ऑपरेशन केलं. त्याआधी पुन्हा कल्चर, पुन्हा तोच ई-कोलाय, आणि या वेळी मात्र त्याला औषध दिलं. ऑपरेशनमध्ये आतल्या अस्तराला जखम होते, जिवाणू रक्तात जाऊ शकतात, म्हणून तिथे नियम उलटा. भूलतज्ज्ञांनी विचारलं, ‘गेल्या काही महिन्यांत ट्रायलमध्ये होतात का?’ कार्ड दाखवलं, त्यांनी नोंद घेतली. ते कार्ड आणि संमतीपत्राची प्रत ट्रायल संपली म्हणून रद्दीत घालू नका.

मला कोणतं औषध मिळालं होतं, ते अजून कळलेलं नाही. सगळ्या देशांतले पेशंट संपून हिशेब पुरा होईपर्यंत ते उघडत नाहीत. उघडलं की कळवावं, असा लेखी अर्ज मी देऊन ठेवलाय. पोच माझ्याकडे आहे.